सोपाननं टॉवेल टाकायला सांगितलं नव्हतं

चऱ्होलीत जिथं आमचा ज्वारीचा मळा होता तिथं आता सोसायटी उभी आहे आणि तिच्या नवव्या मजल्यावर मी राहतो. त्या दिवशी सकाळी दूध घेऊन लिफ्टमधून वर आलो, दार उघडलं आणि खिशातला फोन वाजायला लागला. बबनचा फोन. बबन म्हणजे आमच्या कंपनीच्या कँटीनचा जुना आचारी आणि एके काळी कंपनीच्या बॉक्सिंग संघातला सगळ्यात वजनदार गडी. त्याचा आवाज एरवी फोनशिवायही ऐकू येईल असा. पण त्या दिवशी तो कुजबुजल्यासारखा बोलला, "दत्तोबा, सोपान्या पडला रं…" आणि मी, पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, दुधाची पिशवी हातात धरून काय विचारावं? "कुणी पाडला?" आयुष्यभर सोपानला लोकांना पाडताना आणि कधीमधी स्वतः पडताना पाहिलेलं, त्यामुळं तोंडातून तेच निघालं. बबन म्हणाला, "कुणी न्हाई रं. छातीनं पाडला. ठोशांची बॅग टांगत होता तालमीच्या शेडमधी… उठलाच न्हाई."

भोसरीत शोकसभा झाली. हॉल भरून लोक बाहेर जिन्यावर उभे होते. आमच्या कंपनीतले निवृत्त कामगार, सोपानच्या हाताखाली शिकलेले बॉक्सर, कुणाच्या भुवईला टाके, कुणाचं नाक वाकडं. अशी मारकुटी तोंडं एवढ्या संख्येनं रडताना मी कधी पाहिली नव्हती. एक स्थानिक पुढारी बोलायला उठले. त्यांनी आयुष्यात एकही लढत पाहिली नसावी, पण सोपानची एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. ती या पट्ट्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. ते म्हणाले, "सोपानरावांना कुठं थांबायचं ते कळत होतं. अंतिम लढतीत डोळ्याला लागलं, तसं त्यांनी स्वतः सांगितलं, टॉवेल टाका, मी थांबतो. हा शहाणपणा तरुणांनी घ्यावा." लोकांनी माना हलवल्या. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "घाबरला होता, म्हना की." पुढच्या रांगेत सोपानची मुलगी वैशाली बसली होती. ती खाली फरशीकडे बघत राहिली. मग माइक माझ्याकडं आला. मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो.

ती गोष्ट खोटी आहे. सोपान कधी घाबरला नाही, त्यानं कधी थांबतो म्हटलं नाही, आणि टॉवेल टाकायला त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी रिंगजवळ त्याच्या कोपऱ्यात मी उभा होतो. तो टॉवेल माझ्या हातातला होता. शोकसभेत जे मी गिळलं ते इथं लिहितो आहे. पण आधी सोपान कसा होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या टॉवेलानं काय बुडालं ते तुम्हाला कळायचं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल बोलायला लागलो की मला अजूनही थांबवत नाही!

सोपान परभणीकडचा. कंपनीच्या फोर्जिंग शॉपमध्ये हॅमरवर होता. लालभडक तापलेलं लोखंड चिमट्यात धरून हॅमरखाली फिरवायचं काम, त्यानं त्याचे खांदे असे झाले होते की कंपनीचा गणवेश त्याला कधी बसलाच नाही. आणि एवढ्या देहातला माणूस स्वभावानं कसा, तर मुंगी चिरडली तरी हळहळणारा. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध वैशिष्ट्य असं की समोरच्याला जोरात ठोसा बसला की तो भर रिंगमध्ये विचारायचा, "लागलं का ओ?" मनापासून विचारायचा! समोरचा आधीच तारे बघत असायचा, त्यात हा प्रश्न. काही जण चिडायचे, काहींना हसू फुटायचं आणि हसताना बॉक्सरचे हात खाली येतात. मग सोपान दुसरा ठोसा द्यायचा आणि पुन्हा विचारायचा, "ह्यो जास्त लागला का?" रिंगमध्ये बोलायला बंदी असते. रेफरी ताकीद द्यायचे. आमचे वस्ताद होते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, ते कोपऱ्यातून ओरडायचे, "अरे सोपान, मुक्का चालव, जीभ नको चालवूस!" पिंपरीत एकदा समोरच्या गड्यानं सोपानच्या प्रश्नाला खरंच उत्तर दिलं. "लई लागलं," म्हणाला, आणि खाली बसला. रेफरीला कळेना, याला ताकीद द्यावी की त्याच्यावर दहा आकडे मोजावेत.

सुभेदारांनी आम्हाला शिकवलं ते त्यांच्या भाड्याच्या खोलीपुढच्या अंगणात. संघाकडं घड्याळ नव्हतं. सुभेदारीणबाई आत डाळ शिजायला लावायच्या आणि कुकरच्या शिट्टीवर आमचा राऊंड चालायचा. शिट्टी झाली की राऊंड सुरू, पुढची झाली की बंद. फार बिनचूक पद्धत होती. एकदा सोपान आणि मी समोरासमोर उभे. मी चऱ्होलीचा, घराण्यात सगळे कुस्तीतले, हातमोजे घालून उभं राहायचीच मला लाज वाटायची. सोपाननं ओढून आणलं म्हणून आलेलो. शिट्टी झाली, राऊंड सुरू झाला. आम्ही मारतोय, मारतोय, शिट्टी काही होईना. सुभेदार खुर्चीवर बसून "शाबास, शाबास" करतायत. माझे हात कमरेच्या वर जाईनात. शेवटी सोपान मला टेकून उभा राहिला, मी त्याला टेकून, आणि त्या मिठीत तो माझ्या कानात म्हणाला, "दत्तोबा, आज डाळ जुनी हाय वाटतं." तेवढ्यात सुभेदारीणबाई दारात आल्या. "अहो, गॅस संपलाय, कुणाला तरी पाठवा." गॅस केव्हाचा संपला होता! सुभेदार शांतपणे म्हणाले, "लढाईत गॅस कधी संपेल सांगता येत नाही. सराव पाहिजे."

आणि बबनची गोष्ट तर संघातल्या प्रत्येकानं आपापल्या लग्नात सांगितलेली आहे. स्पर्धेच्या सकाळी वजन होतं. बबनला ज्या गटात उतरवायचं होतं त्या गटाच्या वर काटा किंचितसा जात होता. त्याआधी त्याला दोन स्वेटर घालून भट्टीपुढं उभं केलेलं, उपाशी ठेवलेलं, तरी काटा ऐकेना. कारण कँटीनमधला आचारी उपाशी राहतो यावर ज्यानं विश्वास ठेवला तोच मूर्ख. सोपान म्हणाला, "केसाला वजन असतंच की." लगेच न्हाव्याकडं नेऊन बबनचं डोकं गुळगुळीत करून आणलं. काटा तरी तसाच. सोपाननं बबनच्या मिशीकडं पाहिलं. पिळदार, झुपकेदार मिशी होती ती. बबन म्हणाला, "मिशीला हात लावलास तर जीव घेईन." पण संघाचा प्रश्न होता, मिशीही गेली. आणि काटा बसला! बबन लढला, हरला आणि संध्याकाळी सोपानला घेऊन घरी गेला. दारात नवऱ्याचं डोकं भादरलेलं, मिशी साफ. आपल्याकडं असा माणूस दारात उभा राहिला की त्याचा अर्थ एकच. बबनच्या बायकोनं किंकाळी फोडली, "मामंजी गेले वो…" शेजारच्या बायका धावल्या, चाळीत रडारड सुरू झाली. आणि आतल्या खोलीतून बबनचे वडील चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले. लेकाचं डोकं बघितलं आणि घाबरून विचारते झाले, "आरं, कोन गेलं?" बबन सोपानकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्यो जानार हाय आता."

असे दिवस होते. कामावरून सुटलो की अंगणात, अंगणातून कँटीनमध्ये, मार खाल्लेल्या तोंडानं मिसळ खायची आणि झोंबलं की एकमेकांच्या नावानं बोंबलायचं. कंपन्या-कंपन्यांची स्पर्धा पिंपरीतल्या मैदानावर भरायची. त्या वर्षी आमची कंपनी पहिल्यांदा अंतिम लढतीला गेली ती एकट्या सोपानच्या जोरावर. बाकी आम्ही सगळे आधीच आडवे झालो होतो. समोर कॅम्पाकडचा एक उंच गडी, फौजी तालमीतला, हात तर असे लांब की आम्ही म्हणायचो हा आपल्या कोपऱ्यातूनच मारेल. आणि नेमकं त्याच आठवड्यात सुभेदारांना तापानं धरलं. त्यांनी कोपऱ्यात उभं राहायचं काम माझ्याकडं दिलं. पाणी द्यायचं, घाम पुसायचा, खुर्ची ठेवायची. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकत म्हणाले, "हा खाली पडू देऊ नको." मला वाटलं मातीत मळेल म्हणून सांगतायत. बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातून टॉवेल रिंगमध्ये पडला म्हणजे आपला गडी लढत सोडतोय, हे मी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि हातात भिनणं वेगळं.

माझ्या हातात भिनली होती कुस्ती. आमच्याकडं जत्रेच्या मैदानात आपल्या मल्लानं समोरच्याला आस्मान दाखवलं की बघणारा माणूस जे हाताला येईल ते हवेत उडवतो. फेटा, टोपी, उपरणं. जत्रेहून परतताना निम्म्या गावाच्या डोक्यावर दुसऱ्याच्याच टोप्या असायच्या. मी बापाच्या खांद्यावर बसून टोपी उडवायला शिकलो, चालायला त्यानंतर.

पहिले दोन राऊंड सोपान मार खात होता. त्या लांब हातांच्या आत शिरताच येईना. उजव्या डोळ्याखाली सूज आली होती, पण डोळा उघडा होता, दिसत होतं. मध्यंतरात मी घाम पुसत विचारलं, "जमंल का?" तो पाण्याची चूळ टाकून म्हणाला, "त्याचा श्वास ऐकू यायलाय मला. आता आत जातो." एवढंच बोलला. थांबव वगैरे काही नाही. हसत होता!

आणि शेवटच्या राऊंडला तो आत गेला. अहो, काय गेला! खाली वाकला, त्या लांब हाताखालून सरकला आणि खालून वर असा ठोसा आणला की मला तो आवाज आजही ऐकू येतो, हॅमर पडल्यासारखा. उंच गड्याचे गुडघे गेले. तो मागं दोरावर लोंबकळला, हात दोन्ही बाजूंना. मैदान उभं राहिलं, कंपनीचे साहेब लोक खुर्च्यांवर चढले. आणि माझ्या हातांनी, त्यांना जे लहानपणापासून येत होतं, ते केलं. टॉवेल वर गेला. चांगला उंच गेला, हवेत उघडला, वळला आणि रिंगच्या मधोमध रेफरीच्या पायाशी येऊन पडला.

तो खाली येत असताना मला कळलं होतं.

एक नियम मला नंतर समजला. रेफरी आकडे मोजत असताना कोपऱ्यातून टॉवेल पडला तर तो धरत नाहीत. त्या गड्याला दोरावर बघून रेफरीनं नुकता हात वर केला होता, तोंड उघडलं होतं, पहिला आकडा यायचा होता. त्याच्या आत टॉवेल पडला. रेफरी गोंधळला. जिंकत असलेल्या कोपऱ्यातून टॉवेल कोण टाकतं? तो माझ्याजवळ आला. "तुम्ही थांबवताय? का?" भला माणूस होता, मला सांगायची संधीच देत होता. चुकून उडाला, एवढंच म्हणायचं होतं. पण खुर्च्यांवर चढलेले साहेब सगळे माझ्याकडं बघत होते. मी तेव्हा टेंपररी होतो, पर्मनंटच्या यादीत नाव लागायचं होतं. कंपनीची ढाल या येड्यानं घालवली, हे त्यांच्या तोंडावर मला आधीच वाचता येत होतं. मी म्हणालो, "त्यानंच सांगितलं साहेब. डोळ्याला दिसत नाही म्हनला. थांबव म्हनला."

सोपान चार पावलांवर उभा होता. त्यानं ऐकलं. त्याची नजर माझ्यावर आली… रागाची नव्हती ती. समोर चालू असलेलं काहीतरी समजून घेत असल्यासारखी होती. रेफरीनं त्याला विचारलं, "खरं आहे?" सोपान म्हणाला, "व्हय साहेब." मग तो वळला आणि दोरावरून अजून सावरत असलेल्या त्या गड्याजवळ जाऊन विचारलं, "लागलं का ओ?" रेफरीनं त्याच गड्याचा हात वर केला.

सायकली ढकलत परत येताना मी रडत होतो. सोपान म्हणाला, "गप. तुझं पर्मनंटचं होऊ दे, मग सांगू." मी पर्मनंट झालो. मग म्हणालो, जरा स्थिर होऊ दे. मग लग्न झालं, मग मुलं. मधूनमधून मी विचारायचो, "सोपान, सांगून टाकू का?" तो म्हणायचा, "सांग की. मी कुठं धरलंय तुला?" मी सांगत नव्हतो. इकडं ती गोष्ट वाढत गेली. कँटीनमध्ये नवा भरती झालेला पोरगाही सोपानला विचारायचा, "दादा, डोळा बरा हाय ना आता?" आणि टेबल हसायचं. मीही हसायचो.

सोपान पुन्हा अंतिम लढतीला कधी गेला नाही, सुभेदारही वारले. मग त्यानं भोसरीच्या जुन्या औद्योगिक भागात बंद पडलेल्या कारखान्याची एक शेड भाड्यानं घेतली आणि मुलांना शिकवायला लागला. तिथली बॅग आम्ही यंत्रं पुसायच्या चिंध्यांनी भरली होती. ठोसा मारला की तेलाचा वास यायचा आणि पोरं घरी गेल्यावर आया विचारायच्या, गॅरेजमध्ये कामाला लागलास का? तिथंच वैशाली तयार झाली. बापाचे खांदे आणि बापापेक्षा दहापट राग. तो राग कुठून आला होता ते मला ठाऊक होतं. शाळेत असल्यापासून तिला ऐकावं लागलं होतं, "टॉवेलवाल्याची पोरगी." स्पर्धेत हरायला आलेल्या मुली तिला चिडवायच्या, "पप्पांना बोलव, टॉवेल आणतील."

तिची एक मोठी लढत होती. समोरची मुलगी जड होती आणि वैशाली फार मार खात होती. मी प्रेक्षकांत होतो. सोपान कोपऱ्यात, टॉवेल हातात. मध्यंतरात ती काय बोलली ते सोपाननं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "पप्पा, तो बाहेर ठेवा. तुम्ही सोडली होती, मी सोडणार नाही." सोपाननं टॉवेल कोपऱ्याबाहेर खाली ठेवला. पुढच्या राऊंडला तिचं नाक मोडलं. श्वासाचा त्रास कायमचा लागला आणि ती पुन्हा रिंगमध्ये उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी सोपान माझ्या घरी आला. चहाला हात लावला नाही. म्हणाला, "दत्तोबा, तिला सांग. मी सांगितलं तर तिला वाटंल, बाप आता स्वतःला सोडवायलाय." एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडं मागितलेली ती पहिली आणि एकच गोष्ट. मी म्हणालो, "सांगतो." आणि नाही सांगितलं. आधी तिचं नाक बरं होऊ दे म्हणालो. मग तिची तब्येत. मग ती शेडमध्ये शिकवायला लागली, तेव्हा म्हणालो, आता चाललंय ना चांगलं. सोपाननं पुन्हा विचारलं नाही. तो मला भेटायचा, हसायचा, बबनच्या मिशीची गोष्ट काढायचा. तरुणपणी तोंडातून गेलेल्या खोट्याला मी भीतीचं कारण देऊ शकतो. या दुसऱ्या गप्प बसण्याला माझ्याकडं कारण नाही.

वैशालीनं शेडमध्ये एक रीत पाडली. तिच्या पोरींच्या कोपऱ्यात टॉवेल नसतो. घाम पुसायला ओला स्पंज, बस. इतर क्लबांच्या पोरी कौतुकानं सांगतात, तिकडं टॉवेलच ठेवत नाहीत, तिकडच्या मुली सोडत नाहीत. त्या रीतीपायी किती पोरींनी नको तेवढा मार खाल्ला असेल, ते मोजायला मी कधी बसलो नाही.

शोकसभेनंतर काही दिवसांनी मी शेडमध्ये गेलो. दुपार होती, पोरी यायच्या होत्या. वैशाली बाकावर बसून हाताला बांधायच्या पट्ट्या गुंडाळत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. जत्रेतल्या टोप्यांपासून, रेफरी माझ्याजवळ आला तिथपर्यंत, आणि सोपान माझ्या घरी आला होता तेही. ती पट्ट्या गुंडाळत राहिली. एक झाली, दुसरी घेतली.

"मी त्यांना काय बोलले होते, ते तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत होतं."

"आणि तरी?"

मी खाली लोंबणारं पट्टीचं टोक उचलून तिच्या हातात दिलं.

"काका, मला हे पप्पा असताना कळायला हवं होतं. मी एकदा तरी…" तिनं वाक्य सोडून दिलं. मग तिनं वर बघितलं. "मला सांगून काय उपयोग? ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्या सगळ्यांना कळलं पाहिजे. पेपरात लिहा. स्वतःच्या नावानं."

"लिहितो," म्हणालो. माझं 'सांगतो' तिच्या बापानं ऐकलं होतं, हे त्या क्षणी आम्हा दोघांच्याही मनात आलं असणार. "आणि तो उठला असता का?" तिनं अचानक विचारलं. "तो उंच माणूस. पप्पा जिंकले असते?" मला फार मोह झाला हो म्हणायचा. पण खोटं सुधारायला आलो होतो. म्हणालो, "न्हाई माहीत, पोरी. कदाचित उठला असता. तुझ्या बापाला पुढचा ठोसा मारायला मिळाला न्हाई, एवढंच खरं." तिनं मान हलवली. मला बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी निघून आलो आणि लिहायला बसलो. रोज चार ओळी, रोज खोडायच्या.

गेल्या रविवारी चाकणला स्पर्धा होती. मंगल कार्यालयात! आजकाल तिकडं हॉल मिळत नाहीत, म्हणून रिंग थेट लग्नाच्या मांडवात. मागं आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच, आणि नवरा-नवरीच्या लाल सोफ्यावर पंच मंडळी बसलेली. बबन माझ्याबरोबर होता. तो म्हणाला, "ह्यांच्यावर अक्षता टाकाव्यात का रं?" वैशालीची एक पोरगी होती, आरती. चाकणच्याच एका कंपनीत कामाला आहे, शिफ्ट संपवून सरावाला येते. चिवट पोरगी. पहिला राऊंड तिचाच झाला. काय झेपावत होती! मी आणि बबन म्हातारपण विसरून ओरडत होतो, "आत जा, आत जा, खालून!" पण दुसऱ्या राऊंडला समोरचीनं तिला गाठलं. एक ठोसा कानशिलावर बसला आणि आरतीचे पाय वेगळेच चालायला लागले. ती पडली नाही. मार खात उभी राहिली, हात खाली, हसण्याचा प्रयत्न करत. मी कोपऱ्याकडं पाहिलं. वैशाली उभी होती. तिनं पिशवीत हात घातला आणि टॉवेल काढला. साधा, घडीचा, पांढरा टॉवेल. तिनं तो उडवला नाही. दोराखालून, जमिनीलगत, सरळ आत सरकवला.

रेफरीनं लढत थांबवली. मंगल कार्यालयात एकदम कुजबुज उठली. वैशालीच्या कोपऱ्यातून टॉवेल! आरती रडत, चिडत दोराबाहेर आली. "मॅडम, मी पडले नव्हते! मी उभी होते!"

"म्हणून तर टाकला," वैशाली तिच्या तोंडातलं दात सांभाळायचं रबर काढत म्हणाली. "माझ्यावर राग काढ. उद्या काढ, परवा काढ. नाक शाबूत आहे तोवर काढ."

माझ्या मागच्या रांगेत दोघं बसले होते, मध्यमवयाचे, बोलण्यावरून जुने जाणकार. एक दुसऱ्याला म्हणाला, "बघितलं का राव? शेवटी रक्तच ते. बापानं टाकला, पोरीनं बी टाकला."

मी उठलो. बबनचा खांदा धरून मागं वळलो.

"तिच्या बापानं टाकला नव्हता," मी म्हणालो. "मी टाकला होता."

"काय म्हनता, आजोबा?"

"मी कोपऱ्यात होतो. तो जिंकत होता. टॉवेल माझा, खोटं बी माझं."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. आजूबाजूची चार डोकी वळली. एकानं खुर्ची सरकवून मला जागा केली. "बसा की. काय झालं होतं नक्की?" बबन म्हणाला, "सांग, सगळं सांग, मिशीपासून सांग!" मी बसलो आणि सांगायला लागलो. त्या लांब हाताखालून सोपान कसा सरकला ते सांगताना मी पुन्हा उठून उभा राहिलो, हातानं तो ठोसा करून दाखवला, आणि मागच्या रांगेतला तो माणूस "आयला!" असं म्हणाला. मला वाटतं एवढ्या वर्षांत त्या ठोशाला मिळालेली ती पहिली दाद. कोपऱ्यातून वैशाली आमच्याकडं बघत होती. पुढची लढत सुरू झाली होती. रेफरीनं दोनदा वळून आम्हाला गप्प बसायची खूण केली. मी गप्प बसलो नाही.